फॉरमॅट मारून भिंतीतलं दुखणं बरं होत नाही

मंडळी, पोस्ट लांब झाली आहे. पण घरात डेस्कटॉप असेल आणि तो मधूनच स्वतःहून बंद पडून परत चालू होत असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी शेवटपर्यंत वाचा. पैसेही वाचतील आणि पोरांचे फोटोही.

वडखळ, गडब, डोलवी, शिर्की, कासू या पट्ट्यात ओळखीच्या लोकांचे संगणक मी बरीच वर्षं उघडून बघतोय. धंदा म्हणून नाही, हौस म्हणा. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. "आपोआप रिस्टार्ट होतो" एवढं सांगितलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "फॉरमॅट मारायला लागेल." त्याने थांबलं नाही तर रॅम बदला. तरी नाही तर एसएमपीएस बदला. तरीही नाही तर "जुना झालाय दादा, आता नवीनच घ्या." चार फेऱ्या होतात, चार वेळा पैसे जातात, आणि या चार फेऱ्यांत एकदाही कोणी विचारत नाही, की तुमच्या घरात वीज कशी येते?

माझं म्हणणं सरळ आहे. न तपासता फॉरमॅट मारणं ही दुरुस्ती नाही, ते अंदाजपंचे काम आहे. आणि आपल्याकडे बऱ्याचदा दुखणं त्या डब्यात नसतंच. ते भिंतीतल्या वायरिंगमध्ये असतं, नाहीतर रस्त्यावरच्या खांबावर असतं. डब्याचं दुखणं खाजगी, ज्याचं त्याने निस्तरावं. खांबाचं दुखणं सगळ्या आळीचं. पण आपण आळीच्या दुखण्याचं बिल घराघरात वेगवेगळं भरतोय, तेही रॅम आणि एसएमपीएसच्या नावाने. म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

"एका संगणकासाठी एवढं काय?" असं म्हणणाऱ्यांसाठी आधी हे. संगणक ही चैन होती तो काळ गेला. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. सीईटीचा अर्ज ऑनलाइन, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन, दाखले ऑनलाइन. सरकारी दार आता काचेच्या पडद्यात आहे. शेवटच्या तारखेच्या रात्री पोरगी अर्जाचं पाचवं पान भरत असते, सगळी कागदपत्रं चढवून झालेली असतात, आणि खट्! पडदा काळा. परत लॉगिन, परत ओटीपी, परत पहिलं पान. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम आला, अधिकाऱ्याने किती दिवसांत सेवा द्यायची त्याची मुदत ठरली. चांगलं झालं. पण अर्जदाराच्या घरी अर्धा तास सलग नीट वीज असेल, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं.

आता फॉरमॅटच्या सवयीकडे येतो. ही सवय किती जुनी आणि किती निरुपयोगी आहे ते बघा.

ऑगस्ट २००३. ज्यांनी तेव्हा सायबर कॅफे बघितलेत त्यांना आठवेल. ब्लास्टर नावाचा वर्म आला होता. पडद्यावर खिडकी उघडायची, ६० सेकंदांचा उलटा काउंटडाउन सुरू व्हायचा आणि संगणक रिस्टार्ट. लोकांनी तेव्हाही फॉरमॅट मारले. झालं काय? ताजं विंडोज टाकून संगणक नेटला जोडला की तो परत लागण करून घ्यायचा, कारण ज्या भोकातून वर्म आत शिरत होता ते भोक फॉरमॅटने बुजत नव्हतं. ते मायक्रोसॉफ्टच्या पॅचने बुजत होतं, आणि तो पॅच आदल्या महिन्यातच निघालेला होता.

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट गेली आणि जगभर संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा रिस्टार्ट व्हायला लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तिथे उपाय काय निघाला? फॉरमॅट नाही. सेफ मोडमध्ये जायचं आणि त्या कंपनीची एक फाइल उडवायची. काम किचकट होतं, एकेका संगणकापाशी जाऊन करावं लागलं, पण करणाऱ्याला नेमकं काय करायचं ते माहीत होतं. कारण आधी कोणीतरी कारण शोधलं होतं.

लक्षण एकच, रिस्टार्ट. २००३ ला कारण वर्म, २०२४ ला कारण अपडेट, आणि तुमच्या घरी कारण कदाचित यूपीएसची मेलेली बॅटरी. ताप आला म्हणून मलेरियाला आणि टायफॉइडला एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे तुम्ही परत जाल का?

मग शोधायचं कसं? यातलं बहुतेक काम घरी, फुकटात होतं. सांगतो.

पहिलं काम, वही. संगणकाशेजारी शंभर पानी वही ठेवा. रिस्टार्ट झाला की तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू झालं ते लिहा. फ्रिज? पाण्याची मोटर? मिक्सर? शेजारच्या गॅरेजमधलं वेल्डिंग? आठ दिवसांत वही बोलायला लागते. गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करतानाच बंद पडतो, तर उष्णता किंवा एसएमपीएस. कधीही, नुसता चालू ठेवला तरी बंद पडतो, तर रॅम, ड्रायव्हर, वीज. मोटर चालू झाली की बंद पडतो, तर उत्तर तुमच्या समोरच आहे.

दुसरं काम, विंडोजला आपलं तोंड उघडायला लावा. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि त्यात "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट" याची टिक काढा. आतला काही बिघाड असेल तर आता संगणक पळून न जाता एररचा पडदा दाखवून थांबेल. त्यावरचा मजकूर मोबाइलने टिपा. टिक काढूनही एररचा पडदा न येता थेट काळोख होत असेल, तर संशय विंडोजवरून उठवा आणि विजेवर न्या.

तिसरं काम, इव्हेंट व्ह्यूअर. तिथे सिस्टीमच्या नोंदींत "कर्नल-पॉवर ४१" दिसेल. हा आकडा बघून बरेच जण घाबरतात आणि दुकानदार "बघा, एरर आहे" म्हणतो. अहो, ४१ चा अर्थ एवढाच, की "मी नीट बंद न होता परत उठलो." ते तर आपल्यालाही माहीत होतं! त्याच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर बहुधा विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळालेला नाही. म्हणजे वीज गेली, एसएमपीएसने दम तोडला किंवा संगणक गोठला. कोड शून्य नसेल तर तो आतला बिघाड, तो आकडा शोधता येतो. आणि १०७४ ची नोंद असेल तर कोणीतरी रीतसर सांगून रिस्टार्ट केलाय, बहुधा अपडेटने. त्यात बिघाड काहीच नाही.

चौथं काम, झाडलोट. आपला मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चौपदरी होतोय. त्याची धूळ कुठे जाते? तुमच्या सीपीयूच्या पंख्यात. वरून खाडीची खारी हवा आणि चार महिने पावसाची ओल. प्लग काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा, मऊ ब्रशने पंखा आणि त्याखालची जाळी साफ करा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, तो त्याचा गुण आहे, दोष नाही. रॅम काढून तिची पितळी दिसणारी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसा, परत घट्ट बसवा. किती "खराब" रॅम मी एवढ्यावर चालू झालेल्या पाहिल्यात! मग विंडोजमधलंच मेमरी डायग्नॉस्टिक रात्री चालवून बघा. आत पाल, मुंग्या, झुरळं सापडली तर हसू नका, कोकणात तोही हार्डवेअरचाच भाग आहे. फक्त एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो, जिवाशी खेळ आहे.

पाचवं काम, यूपीएस. याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत संपते आणि संपल्याचं सांगतेच असं नाही. हिरवा दिवा लागतो, डबा टेबलाखाली शांत बसलेला असतो. सगळं काम सेव्ह करा, संगणक चालू ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. संगणक पडला तर यूपीएस म्हणजे नुसती वजनदार वायर आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे एक खटका असतो, एक बाजू यूपीएस मोड आणि दुसरी नॉर्मल किंवा इको मोड. नॉर्मल मोडमध्ये लाइट गेल्यावर बदल व्हायला उशीर लागतो. पंख्याला, दिव्याला चालतो. संगणकाला नाही. एक खटका! आणि तेवढ्यासाठी दोनदा फॉरमॅट झालेला संगणक मी पाहिलाय. त्यात एका कुटुंबाचे सहा वर्षांचे फोटो गेले. त्या ताईंना मी काय सांगणार होतो?

सहावं काम, अर्थिंग. कॅबिनेटला पाठीमागे हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलाय का? अर्थिंगची तार अंगणात जिथे जमिनीत जाते तिथे आहे का, की खाऱ्या मातीत सडून गेली? आणि न्यूट्रल सैल असेल तर घरात कधी व्होल्टेज कमी, कधी एकदम जास्त, असं होतं. हे स्वतः तपासू नका. परवानाधारक वायरमन बोलवा आणि फेज, न्यूट्रल, अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मीटर लावून समोर मोजायला सांगा. टेस्टर लावून "करंट येतोय ना?" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

आता खांबावर येतो, कारण खरं भांडण तिथे आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. चांगल्या बनावटीचा एसएमपीएस पूर्ण भारावर वीज तुटली तर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे एक आवर्तनही पुरतं नाही. स्वस्तातला किंवा जुना त्याहून कमी. तुमच्या डोळ्याला कळणारही नाही एवढा झटका संगणकाला पुरतो.

आणि डोळ्याला का कळत नाही? पूर्वी साठ वॉटचा पिवळा बल्ब होता. व्होल्टेज पडलं की तो तांबडा व्हायचा, आजी म्हणायची "लाइट बारीक झाली." आता घरोघरी एलईडी. त्यातली सर्किट कमी व्होल्टेजवरही उजेड टिकवून धरते. बचत झाली, छान झालं. पण व्होल्टेज पडल्याचं सांगणारा घरातला साक्षीदार गेला. लॅपटॉप आणि मोबाइलला बॅटरी असते, त्यांना फरक पडत नाही. राहिला डेस्कटॉप. गावातला सर्वात प्रामाणिक व्होल्टमीटर आज तोच आहे, आणि आपण त्यालाच व्हायरस झालाय म्हणून फॉरमॅट मारतोय.

व्होल्टेज हा काही मेहेरबानीचा विषय नाही. भारतीय वीज नियम १९५६ मध्येच लिहिलेलं होतं, की घरगुती पुरवठ्यात जाहीर व्होल्टेजपेक्षा सहा टक्क्यांहून जास्त फरक ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय किंवा सरकारच्या मंजुरीशिवाय चालणार नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेचे मानदंड आणि ते मोडले तर ग्राहकाला भरपाई, अशी तरतूद आहे. कलम ४२ मध्ये ग्राहकांसाठी गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग आहे, त्याचे विनियम आहेत. सगळं कागदावर आहे. नाही काय? तक्रार. का नाही? कारण तक्रार करायला ग्राहकाला आधी कळायला हवं, की दुखणं विजेचं आहे. आणि त्याला तर सांगितलंय, रॅम गेली.

आता कोणी म्हणेल, "दुकानदारांवर घसरलात." नाही. दुकान चालवणाऱ्या पोरांना मी ओळखतो. भाडं आहे, हप्ते आहेत, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून कसे वागतो? तासभर बसून त्याने कारण शोधलं आणि सांगितलं की "फक्त वायर सैल होती, दोनशे द्या," तर आपण म्हणतो, "काय राव, काहीच बदललं नाय, मग दोनशे कसले?" पण "रॅम बदलली" म्हटलं की निमूट दीड हजार काढतो. आपण निदानाचे पैसे देत नाही, म्हणून आपल्याला सुटे भाग विकले जातात. ही खोड आपली पण आहे.

म्हणून पहिली मागणी आपल्याकडूनच. तपासणीचे पैसे द्या, आनंदाने द्या. पण बदल्यात तीन गोष्टी मागा. काय सापडलं ते बिलावर लिहून. काढलेला जुना भाग परत. आणि फॉरमॅटच्या आधी माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे ध्यानात ठेवा. भांडायचं नाही, नुसतं ठामपणे मागायचं.

दुसरी मागणी वीज कंपनीकडे. स्मार्ट मीटर बसवायची सगळीकडे घाई चालली आहे. स्मार्ट मीटर नुसती युनिटं मोजत नाही, ठरावीक अंतराने व्होल्टेजही नोंदवतो. युनिटांचा आकडा पैसे घेण्यासाठी वापरता ना? मग व्होल्टेजचा आकडा ग्राहकाला दाखवा. मिलिसेकंदांचे झटके त्यात दिसणार नाहीत, मान्य. पण रोज संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज किती खाली बसतं, कुठल्या आळीत जास्त बसतं, ते लख्ख दिसेल. बिलावर ग्राहकाचा दोष छापता येतो, तसा पुरवठ्याचाही छापा.

तिसरी मागणी गावाकडून. आपल्या वह्या एकत्र आणा. एका घरातली नोंद म्हणजे "तुमचाच संगणक खराब." पण एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या पाच घरांतले संगणक त्याच मिनिटाला रिस्टार्ट झाले, तर पाचही एसएमपीएस एकाच मिनिटाला खराब झाले असं कोणी म्हणू शकणार नाही. हा पुरावा आहे. असा पुरावा जोडून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १९१२ वर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. रस्ता, पाणी, गटार यांच्यावर ठराव होतात, मग व्होल्टेज मोजण्यावर एक ठराव करायला काय हरकत आहे? २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडातले खांब आडवे केले तेव्हा वीज हा सगळ्यांचा प्रश्न आहे हे आपल्याला एका दिवसात कळलं होतं. पूर्ण जाते तेव्हा कळतं. अर्धी येते तेव्हा मात्र प्रत्येकजण आपापला डबा घेऊन एकटाच दुकानात जातो.

"मोबाइल आहे की, संगणक कशाला पायजे?" हाही मुद्दा येईल. ज्यांनी सहा इंची पडद्यावर सीईटीच्या अर्जात तीन वेगळ्या मापांत फोटो, सही आणि दाखला चढवलाय त्यांना विचारा. ज्या पोराला टायपिंग, टॅली, कोडिंग, ऑटोकॅड शिकायचंय त्याला विचारा. मुंबईतल्या पोराचा संगणक अडखळत नाही, आपल्याचा अडखळतो, आणि मग आपण म्हणतो पोराचं लक्ष नाही. लक्ष असतं हो. त्याचं काम सेव्ह होण्याआधी उडून जातं, आणि चौथ्यांदा उडाल्यावर तो मोबाइलवर रील बघत बसतो.

तेव्हा आजपासून वही सुरू करा. ज्यांच्याकडे हा त्रास आहे त्यांनी खाली फक्त तीन गोष्टी लिहा, आळी, वेळ, आणि टिक काढल्यावर एररचा पडदा येतो की थेट काळोख होतो. नाव-पत्ता, मोबाइल नंबर टाकू नका. महिनाभराने मी सगळ्या वेळा एका तक्त्यात मांडतो. ज्या आळीतल्या वेळा जुळतील त्या आळीने तक्ता घेऊन अर्ज करायचा, सह्या मी पण गोळा करायला येतो. ज्यांच्या जुळणार नाहीत त्यांनी पंखा झाडा, रॅम पुसा, यूपीएस तपासा.

आणि तोवर कोणी "फॉरमॅट मारायला लागेल" म्हणालं तर एवढंच विचारा, "आधी सांगा, झालंय काय?"